सहीमागची सही

सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या राज्यमार्गाच्या किंवा पुलाच्या कामाचा करारनामा चाळून पाहिला, तर शेवटी दोन सह्या भेटतात. एक ठेकेदाराची, दुसरी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कार्यकारी अभियंत्याची. या दुसऱ्या सहीच्या आगेमागे ‘महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या वतीने’ असे शब्द असतात. राजभवनात त्या पुलाचे नावही पोचलेले नसते. तरी कायद्याच्या हिशेबात तो पूल राज्यपालांनी बांधायला दिलेला असतो, अभियंता हा त्यांचा फक्त हात.

हा हात कुठवर लांबवायचा हेही ठरलेले असते. कामाला आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. टक्केवारीच्या दराची असेल तर बी-१, बाबवार दराची असेल तर बी-२. अमुक रकमेपर्यंतची निविदा कार्यकारी अभियंत्याने स्वीकारायची, त्यावरची अधीक्षक अभियंत्याने, त्याहून मोठी आणखी वरच्याने. कार्यारंभ आदेश निघाला की ठेकेदार यंत्रे लावतो. समोर सही करणाऱ्या साहेबाला एवढ्या रकमेची सही करायचा अधिकार आहे का, असे विचारणारा ठेकेदार विरळा. विचारले तर साहेब रागावतील ही भीती, आणि बिल त्यांच्याच हातून निघायचे असते. पण ज्यांनी हे विचारले नाही, त्यांच्याच खटल्यांतून या विषयाचा कायदा घडला आहे.

महापालिकेची रीत निराळी. १ मे १९६४ रोजी सोलापूरची नगरपालिका महानगरपालिका झाली. तिच्या कायद्यात राज्यपाल येत नाहीत. करार करायचा तो आयुक्ताने, मर्यादेपलीकडच्या रकमेला स्थायी समितीची मंजुरी घेऊन. मोठ्या करारावर महापालिकेचा शिक्का उठवायचा, तोही स्थायी समितीच्या दोन सभासदांसमक्ष. शिक्का नगरसचिवाच्या ताब्यात राहायचा आणि ‘आमच्यासमोर उठवला’ म्हणून त्या दोघांनी सह्या करायच्या. पेशव्यांच्या दप्तरातल्या माणसाला हे पाहून परके वाटले नसते. तिथेही शिक्क्याशिवाय सनदेला किंमत नव्हती आणि शिक्का कुणाच्या हाती आहे यावरून रुसवेफुगवे होतच असत. राज्य सरकारच्या करारामागची ‘वतीने’ची साखळी मात्र पेशवाईतून आलेली नाही. ती लंडनहून आली, आणि ती आली तेव्हा सोलापूरकडे रेल्वेचे रूळ सरकत होते.

ते रूळ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे. या कंपनीने १७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला होता, पाच टक्के व्याजाच्या हमीचा. दोन्ही बाजूंना कंपन्या. ईस्ट इंडिया कंपनी राज्य करीत असली तरी मुळात व्यापारी मंडळी. तिला करार करता येई, तिच्यावर दावा लावता येई, तिचा स्वतःचा शिक्का होता. १८६० मध्ये गाडी सोलापूरला पोचली, तोवर १८५७ होऊन गेले होते आणि कंपनीचे राज्य राणीकडे गेले होते. तेव्हा एक अडचण उभी राहिली. ‘हिंदुस्थान सरकार’ असे आपण म्हणतो खरे, पण त्या नावाची करार करू शकणारी कुणी व्यक्ती कायद्यात नव्हती. म्हणून १८५८ च्या कायद्याने लंडनमधल्या भारतमंत्र्याला, त्याच्या मंडळासह, असे रूप दिले की त्याच्या नावाने करार व्हावेत आणि दावेही त्याच्याच नावाने चालावेत. ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल’ हे लांबलचक नाव पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे मामलेदार कचेऱ्यांपासून हायकोर्टापर्यंत वाजत राहिले ते यामुळे.

भारतमंत्री बसणार टेम्सच्या काठी, चुना-वीट विकत घ्यायची सोलापुरात. म्हणून १८५९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटाने आणखी एक कायदा करून गव्हर्नर-जनरल आणि प्रांतांची सरकारे यांना भारतमंत्र्याच्या नावाने, त्याच्या वतीने करार करायची मुभा दिली. मुभेबरोबर बंधनही आले: कागद ठरलेल्या नमुन्यात हवा आणि त्यावर ठरलेल्याच माणसाची सही हवी. सहा हजार मैलांवरच्या खजिन्याला बांधून घालणारा कागद कुणीही कलेक्टर घोड्यावर बसल्या बसल्या लिहून देऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. तो वाईट होता असे मी म्हणणार नाही. सरकारला स्वतःच्याच नोकरांचा भरवसा नव्हता आणि तो नसण्याला कंपनीच्या काळाने भरपूर कारणे पुरवली होती.

कायदा मुंबईत कुणी किती पाळला, याचा नमुना क्रॉफर्ड मार्केटचा. १८६५ मध्ये मुंबई सरकारने नगरपालिकेला जुने बाजार हलवायला सांगितले आणि त्या बदल्यात नवी जागा दिली. म्हणजे काय केले, तर एक ठराव केला. बाजार हा सगळ्या लोकांच्या उपयोगाचा, तेव्हा भाडे घेऊ नये, असेही त्यात लिहिले. ठराव होता, शब्द होता, सरकारची नियत साफ होती. कायद्याने सांगितलेला दस्त मात्र झाला नाही. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डने मार्केट बांधून काढले, नगरपालिकेने त्यावर सतरा लाख रुपये घातले, आणि पंचाहत्तर वर्षे कुणी काही बोलले नाही. १९४० मध्ये कलेक्टरला जाग आली. त्याने जागेवर सारा बसवला: सुरुवातीला वर्षाला साडेसात हजार, मग चढत चढत पन्नास वर्षांत तीस हजार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५१ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने मान्य केले की १८६५ चे ते देणे कायद्याच्या नमुन्यात नव्हते, म्हणून ते देणेच नव्हे. नगरपालिका वाचली ती दुसऱ्याच दाराने. इतकी वर्षे बिनभाड्याचा ताबा उघडपणे भोगल्यामुळे तो हक्क तिला कब्जानेच मिळाला होता. म्हणजे ज्या ठरावाने जागा दिली तो कुचकामी, आणि नुसते बसून राहणे कामाला आले.

अशी कच्ची कागदपत्रे देशभर किती असतील याची धास्ती लंडनलाही पडली असावी. १८७० मध्ये पार्लमेंटाने खास कायदाच केला: हिंदुस्थानात नमुना न पाळता केलेले काही करार वैध मानावेत आणि इथून पुढे कुणी, कशी सही करायची ते गव्हर्नर-जनरलने ठरावाने बदलू शकावे. त्याच सुमाराला सोलापूरच्या उशाशी एकरुख तलावाचे, आपण ज्याला हिप्परगा म्हणतो त्याचे, काम जोरात होते. मैलाहून लांब बांध, मुंबई इलाख्यातल्या मोठ्या तलावांपैकी एक. १८७१ मध्ये तो पुरा झाला. पाटबंधारे, रस्ते, रेल्वे असा कामांचा लोंढा सुरू झाल्यावर सही हा दरबारी मानाचा विषय राहिला नाही, रोजच्या कारकुनीचा झाला. सही करणाऱ्यांच्या याद्या निघू लागल्या. अमक्या कामाच्या करारावर अमक्या हुद्द्याचा अधिकारी. व्यक्ती बदली होऊन जाते, हुद्दा यादीत राहतो. आजच्या कार्यकारी अभियंत्याच्या सहीची आजी ही यादी.

सोलापूर जिल्ह्याला या व्यवस्थेचा सगळ्यात ठसठशीत कागद मिळाला तो १ ऑगस्ट १८९५ रोजी. एका बाजूला भारतमंत्री मंडळासह, दुसऱ्या बाजूला बार्शी लाईट रेल्वे कंपनी. काम: बार्शी गावापासून बार्शी रोड स्टेशनापर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, हलकी रेल्वे. कंपनीमागचा माणूस एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. बार्शी ही कापसाची, धान्याची भरभक्कम पेठ, पण मुख्य लाइन तिला टाळून वीस-एकवीस मैलांवरून गेली होती. बैलगाड्यांचे तांडे पावसाळ्यात रुतत. कॅलथ्रॉपचे म्हणणे असे की अरुंद गेजची रेल्वे म्हणजे खेळणे नव्हे. रूळ हलके असले तरी वजन चाकांवर नीट वाटून दिले तर खरा माल ओढता येतो. अडीच फुटांचे गेज, एका आसावर पाच टनांहून जास्त भार नाही, आणि त्या हिशेबाने लीड्सच्या किट्सन कारखान्यातून घडवलेली इंजिने. १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. पुढे एक फाटा पंढरपूरला गेला आणि वारकऱ्यांनी ती भरून टाकली. दुसऱ्या बाजूने ती निजामाच्या मुलखात लातूरला पोचली. १९२७ मध्ये पंढरपूरपुढे मिरजेपर्यंत रूळ पडले तेव्हा सगळी मिळून दोनशेवर मैलांची झाली. कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायची हवाई छत्रीही काढली. हलक्या वजनाचा ध्यास त्याला आयुष्यभर पुरला असे दिसते.

लंडनच्या कंपन्यांशी होणारे असे करार इंडिया ऑफिसात होत. तिथेही भारतमंत्री एकटा सही करून मोकळा होऊ शकत नसे. मंडळाच्या बैठकीत बहुमत लागे आणि दस्तावर मंडळाच्या सभासदांचे हात आणि शिक्के लागत. बार्शीतल्या आडत्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला गाडी हवी होती, ती मिळाली. करारात एक कलम होते, सुरुवातीला कुणाचे लक्ष जाऊ नये असे: भारतमंत्र्याची इच्छा झाली तर किमान बारा महिन्यांची लेखी नोटीस देऊन त्याला हा सगळा उद्योग विकत घेता येईल.

भारतमंत्री गेला, कलम राहिले. १९१५ च्या भारत सरकार कायद्यात करारांचे नियम तिसाव्या कलमात एकत्र आले. १९३५ च्या कायद्याच्या १७५ व्या कलमात ‘भारतमंत्र्या’च्या जागी गव्हर्नर-जनरल आणि प्रांतांचे गव्हर्नर आले. २६ जानेवारी १९५० पासून तेच वाक्य आपल्या संविधानाच्या २९९ व्या कलमात बसले, आता राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्या नावाने. तीन अटी: करार राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी केला असे कागदावर स्पष्ट म्हटलेले हवे, त्यांनी अधिकार दिलेल्या माणसानेच तो सही करून पुरा करायला हवा, आणि त्यांनी सांगितलेल्या पद्धतीने. पुढे पोटकलम असे की राष्ट्रपती, राज्यपाल किंवा त्यांच्या वतीने सही करणारा, कुणीही व्यक्तिशः जबाबदार नाही. साहेबाने रात्री निवांत झोपावे अशी सोय. ठेकेदाराच्या झोपेबद्दल कलम काही बोलत नाही.

नवे प्रजासत्ताक चार वर्षांचे व्हायच्या बेतात असताना, १९५३-५४ च्या हिवाळ्यात, साठ दिवसांच्या आत आजच्या महाराष्ट्रात तीन ठिकाणी एकच प्रश्न तीन वेषांत उभा राहिला: ही सही करायला तुम्हाला कुणी सांगितले?

पहिला वेष खुद्द सोलापुरात. मोरारजी गोकुळदासांनी १८७० च्या दशकात उभारलेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, शहराच्या तोंडची ‘जुनी मिल’, १९४९ मध्ये बंद पडली. कारभार बिघडला होता, हजारो कामगार घरी बसले. ९ जानेवारी १९५० रोजी, संविधान लागू व्हायला अडीच आठवडे असताना, गव्हर्नर-जनरलनी वटहुकूम काढला आणि सरकारने जुन्या संचालकांच्या जागी आपले संचालक बसवले. या नव्या मंडळींनी काही आठवड्यांतच भांडवलाची मागणी केली. कंपनीचे बत्तीस हजार प्रेफरन्स शेअर शंभर रुपयांचे होते आणि त्यांवर पन्नासच भरलेले होते. उरलेले पन्नास भरा, असा ठराव झाला. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने नकार दिला. त्याचे म्हणणे सरळ होते: तुम्हाला बसवणारा वटहुकूमच घटनाबाह्य असेल तर तुमचा ठराव कोण मानणार? १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले. भरपाई न देता मालमत्ता काबीज केली म्हणून वटहुकूम गेला, आणि त्याच्या पायावर उभा असलेला ठरावही गेला. गिरणी चालू करायची होती, कामगार जगवायचे होते, हेतूबद्दल कुणाचा आक्षेप नव्हता. पण सहीमागची सही कच्ची निघाली. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने सरकारने अशा उद्योगांचा कारभार ताब्यात घ्यायची वाट मोकळी केली, तिच्यामागे जुन्या मिलचा हा धक्का होता.

तिसरा वेष आधी सांगतो, कारण दुसरा कुर्डुवाडीचा आहे आणि त्याच्याशी बराच वेळ थांबायचे आहे.

भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होते. १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत तिथून दोन खासदार निवडून द्यायचे होते, एक सर्वसाधारण जागेवर, एक राखीव. काँग्रेसचे चतुर्भुज जसाणी आणि तुलाराम साखरे निवडून आले. जसाणी मूलजी सिक्का या विड्यांच्या पेढीचे भागीदार. पेढी सैन्याच्या कँटीन स्टोअर्सला विड्या पुरवीत असे. सरकारला माल पुरवण्याच्या करारात ज्याचा हिस्सा आहे त्याला खासदार होता येणार नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायदा सांगत होता. जसाणींच्या बाजूने मोठा चतुर मुद्दा मांडला गेला: कँटीनच्या कारभारी मंडळाच्या अध्यक्षाने हे करार केले, त्यांवर राष्ट्रपतींचे नाव नाही, म्हणजे २९९ व्या कलमाप्रमाणे ते करारच नव्हेत. करारच नाही तर हिस्सा कशात? विड्या पोचल्या, पैसे आले, सैनिकांनी ओढूनही टाकल्या. पण कायद्याच्या डोळ्यांना काही घडलेच नाही!

१५ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी हा मुद्दा फेटाळला. सरकारचे शेकडो अधिकारी रोज बारीकसारीक खरेदी करतात, कधी निकडीत, कधी नुसत्या पत्राने, कधी तोंडी. त्या प्रत्येकाला राष्ट्रपतींच्या नावाचा जाडजूड दस्त लागेल असे मानले तर कारभार ठप्प होईल, असा त्यांचा रोख होता. असा करार सरकारवर लादता येणार नाही. पण सरकारने तो मान्य केला असेल तर तो अजिबात नव्हताच असेही म्हणता येणार नाही. जसाणी अपात्र ठरले. त्याच खटल्यात दुसरा धागा होता: राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज नाकारला गेला होता, महानुभाव पंथ स्वीकारल्याने ते महार राहिले नाहीत या कारणाने. न्यायालयाने ते कारणही चुकीचे ठरवले. दोन्ही मिळून भंडाऱ्याची सगळी निवडणूक रद्द झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले. ज्या मसुदा समितीने २९९ वे कलम संविधानात बसवले तिचे ते अध्यक्ष होते.

बोस यांचा उदार अर्थ फार टिकला नाही. १९६१ मध्ये भिखराज जयपुरियाचा खटला आला. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन टंचाईत, १९४३ साली, ईस्ट इंडियन रेल्वेच्या विभागीय अधीक्षकाने धान्याच्या खरेदीचे हुकूम दिले होते. त्याला तेवढ्यापुरता अधिकार दिलेला होता हे न्यायालयाने मान्य केले, पण हुकमांवर गव्हर्नर-जनरलचे नाव नव्हते, म्हणून व्यापाऱ्याचा दावा गेला. १९६८ च्या मूलमचंद खटल्यापर्यंत पक्के झाले की अशा कागदाला सरकारने नंतर मान डोलावूनही जीव येत नाही. मधल्या काळात एकच खिडकी उघडली, तीही एका मराठी माणसाच्या हातून. बी. के. मंडल या बंगाली ठेकेदाराने १९४४ मध्ये नागरी पुरवठा खात्यासाठी कोठारे आणि कच्चा रस्ता बांधून दिला होता. सांगणाऱ्या अधिकाऱ्यांना अधिकार नव्हता. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी डिसेंबर १९६१ मध्ये १८७२ च्या करार कायद्याचे सत्तरावे कलम पुढे केले: करार नसेल, पण फुकट करायचा इरादा नसताना काम केले आणि सरकारने ते वापरले, तर मोबदला द्यावा लागेल. आज एखाद्या तालुक्यात आपत्तीच्या काळात तोंडी हुकमावर बंधारा दुरुस्त करून बसलेला ठेकेदार वकिलाकडे जातो, तेव्हा वकील पहिल्यांदा हेच कलम उघडतो. मला स्वतःला बोस यांचा रस्ता जास्त शहाणपणाचा वाटतो. नियम खजिना राखायला केला होता. त्याने घेतलेल्या मालाचे पैसे बुडवायची वाट मोकळी होणे हा त्याचा उपयोग नव्हे.

आता कुर्डुवाडी. इथे कागदात खोट नव्हती. १८९५ चा तो करार भारतमंत्र्याकडून गव्हर्नर-जनरलकडे, तिथून स्वतंत्र भारताकडे आणि अखेर राष्ट्रपतींकडे वारशाने आला, आणि वाटेत त्याचे एकही कलम सांडले नाही. १९ डिसेंबर १९५२ रोजी राष्ट्रपतींच्या वतीने रेल्वे बोर्डाने कंपनीला नोटीस दिली: १ जानेवारी १९५४ पासून हा उद्योग सरकार विकत घेऊन ताब्यात घेत आहे. बारा महिन्यांची अट, वर तेरा दिवस जास्तच. सत्तावन्न वर्षांपूर्वी लंडनच्या मंडळाने केलेल्या सह्यांना दिल्लीने इतक्या काटेकोरपणे मान दिला की कायद्याच्या शिक्षकाने वर्गात दाखवावे.

कंपनीनेही आपल्या बाजूने कागद नीट ठेवला. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी कामगारांना नोटीस लागली: सरकारने करार संपवल्यामुळे ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर सगळ्यांची नोकरी संपेल. नोटिशीच्या आधी अडीच-तीन आठवडे, २४ ऑक्टोबरपासून, औद्योगिक विवाद कायद्यात एक नवी तरतूद आली होती. कामगार कमी केले तर नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यायचा. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात, बार्शीच्या यार्डात, पंढरपूरच्या फलाटावर हिशेब सुरू झाले. कुणाची पंधरा वर्षे, कुणाची पंचवीस.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी गाड्या नेहमीसारख्या सुटल्या. रेल्वेने बहुतेकांना परत घेतले. सुमारे ७७ टक्के जुन्याच पगारश्रेणीवर, सुमारे २३ टक्के थोड्या खालच्या श्रेणीवर. नवी नोकरी नाकारणारे पंचवीसही नव्हते. पण भरपाईचे काय? कामगारांचे म्हणणे: जुन्या मालकाने आम्हाला काढले, ती कपात झाली, पैसे द्या. कंपनीचे म्हणणे: आम्ही धंदाच बंद केला, जास्तीचे कामगार म्हणून कुणाला काढलेले नाही. युनियनतर्फे के. एन. जोगळेकर लढले. मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला आणि कंपनी दिल्लीला गेली. बडोद्याच्या दिनेश मिल्सचा तसाच खटला बरोबर जोडला गेला.

२७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. कपात म्हणजे चालू उद्योगातले जास्तीचे कामगार कमी करणे. उद्योगच खऱ्या अर्थाने बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे. करार संपवायचा अधिकार राष्ट्रपतींना होता, तो त्यांनी करारातल्या वाटेनेच वापरला होता, आणि कंपनीने धंदा सोडला तो त्यामुळेच. १ ऑगस्ट १८९५ च्या कागदावर भारतमंत्र्याचे नाव होते, कंपनीचे नाव होते. फायरमन, गँगमन, पॉइंट्समन यांचे नाव त्यात असायचे कारण नव्हते, आणि ते नव्हते.

निकालाने देशभरच्या युनियना हादरल्या. उद्या कुठलाही मालक ‘धंदा बंद केला’ म्हणून हात झटकू शकला असता. एप्रिल १९५७ मध्ये वटहुकूम निघाला आणि जूनमध्ये संसदेने त्याचा कायदा केला: उद्योग दुसऱ्याच्या हाती गेला किंवा बंद झाला तरी कामगारांना भरपाई द्यावी लागेल, ठरावीक अटींवर. त्यासाठी औद्योगिक विवाद कायद्यात दोन कलमे बसवली गेली, आणि ती मागील तारखेपासून लागू धरली. तारीख निवडली २८ नोव्हेंबर १९५६, निकालाच्या दुसऱ्या दिवसाची. बार्शी लाईटच्या कामगारांची नोकरी त्याआधी जवळजवळ तीन वर्षे संपली होती. त्यांच्या खटल्यामुळे झालेल्या कायद्यातून त्यांना एक पैसाही मिळणार नव्हता.